पस्तिसाव्या वर्षी अंकलिपी

परदेशी नागरिकांची नोंद होते त्या कार्यालयात टेबलामागच्या हवालदारांनी माझा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. नाव मराठी, आडनाव मराठी, कपाळाला टिकली आणि पासपोर्ट टांझानियाचा.

"जन्मगाव?"

"म्वांझा."

"तालुका कोणता?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, ते आफ्रिकेत आहे."

"असं का! मले वाटलं मेळघाटात कुठी असंल." ते स्वतःच हसले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "पण मराठी तं बरोबर बोलून राहिल्या तुमी."

"घरी बोलायचो ना. मायबाप इकडचेच."

"मंग तं तुमी परत आल्या म्हणा की."

मी मान हलवली. मनात आलं, परत कुठली? मी तर पहिल्यांदाच येतेय.

माझे वडील अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं त्यांना आवाजावरून कळायची. त्यांच्या शेटजींच्या नात्यातल्या कुणाचं व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्वांझाला तसलंच जिनिंग होतं आणि तिथं जाणत्या माणसाची गरज होती. वडील तीन वर्षांसाठी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. आई शेंदूरजनाघाटची, लग्न करून तीही गेली. मी तिकडे जन्मले. घरात वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी, बाकी सगळीकडे स्वाहिली. आईने मला मराठी लिहा-वाचायला शिकवायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा मी पाटी तांदळाच्या पिंपामागे लपवली. दुसऱ्यांदा ती आईला सापडली. पाटी पुसून तिने कपाटात वर ठेवून दिली. पुढे कितीतरी वर्षांनी मला त्या गोष्टीचा पस्तावा झाला.

माझा नवरा अमरावतीचा. म्वांझाच्या एका शाळेत गणित शिकवायला कराराने आला होता. लग्नानंतर आठ वर्षं आम्ही तिकडेच होतो. मग इकडच्या एका कॉलेजात त्याला नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई धाकट्या भावाजवळ तिकडेच राहिली.

राजापेठेतल्या एका गल्लीत आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. समोर एक, कोपऱ्यावर दोन, असे शिकवणीचे क्लास. सकाळी सहापासून गल्लीत इतक्या सायकली आणि स्कूट्या लागायच्या की दूधवाल्याला वाट काढावी लागे. मला ते आवडलं. म्वांझाला आमच्या घराखाली मासळीबाजार होता, त्यामुळे गलबल्याची सवय होती.

सवय नव्हती ती वेगळ्याच गोष्टीची. मी गोरी बाई असते किंवा आफ्रिकी चेहऱ्याची असते, तर लोकांनी मला हाताला धरून नेलं असतं. मी दिसायला इथलीच आणि बोलायला तर इथल्यांहून जुनी. माझी वऱ्हाडी म्हणजे आईवडिलांनी तरुणपणी सोबत नेलेली. मी 'मले', 'तुले' म्हणायचे, तेव्हा क्लासच्या मुली तोंड दाबून हसायच्या, कारण त्या आता शहरी बोलतात. अशा बाईला वाचता येत नसेल, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी बसस्टँडवर एका गृहस्थांना विचारलं, "ही गाडी बडनेऱ्याला जाते का?" ते म्हणाले, "लिवलं नाही का समोर?" त्यात वाईट काही नव्हतं. इथं असंच बोलतात, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मात्र कानशिलं तापली आणि मी ठरवलं की यापुढे विचारायचं नाही.

फोन होता. त्यात कागदाचा फोटो काढला की इंग्रजी भाषांतर करून देणारी सोयही होती. विजेच्या बिलाचा फोटो काढला तर तिने सांगितलं, 'सन्माननीय गिऱ्हाईक, आपला भार मंजूर आहे.' मी फोन ठेवून दिला. नवऱ्याला रोज संध्याकाळी कागद दाखवायचे, तो वाचून सांगायचा. तो कधी कंटाळला नाही, मीच कंटाळले. म्वांझाला मी एका मोठ्या दवाखान्याच्या कचेरीत बारा वर्षं काम केलं होतं, तीन माणसं माझ्या हाताखाली होती. इथं मला औषधाच्या दुकानाची आणि बूटचपलांच्या दुकानाची पाटी सारखीच दिसायची.

येऊन महिना झाला तेव्हा आत्याकडे जायचं ठरलं. आत्या म्हणजे वडिलांची एकुलती मोठी बहीण, अकोल्याला राहणारी. मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं. फोनवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं. "बरी हायेस ना?" "बरी हाय. तुम्ही?" "बरी हाय." मग फोन बंद. रविवारी जेवायला ये, म्हणाली. ऐनवेळी नवऱ्याला परीक्षेच्या कामाला बोलावलं. "पुढच्या रविवारी जाऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी एकटी जाते." त्याने चिठ्ठीवर 'अकोला' असं लिहून दिलं. मी ती चिठ्ठी मुद्दाम टेबलावरच ठेवली. अ मला ओळखता येत होता. तेवढा पुरेल असं वाटलं.

या भागात अ वरून सुरू होणारी गावं किती आहेत, ते तेव्हा माहीत नव्हतं. एका गाडीवर ठसठशीत अ दिसला, मी चढले. जागाही खिडकीची मिळाली. गर्दीतून वाट काढत कंडक्टर आली, चाळिशीची बाई, खाकी गणवेश, केसांत अबोलीचा लहानसा गजरा.

"कुठलं देऊ?"

गाव उच्चारताना काही चुकेल म्हणून मी म्हटलं, "शेवटपर्यंतचं."

तिने तिकीट हातात दिलं. त्यावर काय छापलंय ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. दीड तास मी बाहेरची काळी शेतं आणि संत्र्यांचे मळे बघत गेले. वडील सांगायचे तशीच जमीन. डोळे भरून आले. गाडी थांबली, सगळे उतरले, मीही उतरले आणि स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्याला आत्याच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"इथं नाही बावा अशी वस्ती," तो म्हणाला. "कोणत्या गावची म्हणता?"

"अकोल्याची."

"अवो बाई, हे अचलपूर हाय!"

त्याने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की बाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. मी तशीच स्टँडवर परत आले आणि बाकावर बसले. पिशवीत आत्यासाठी घेतलेली साडी होती. तिकडे ती भाकरी टाकून वाट बघत असेल. मला एकदम रडू आलं. परक्या गावात, भर दुपारी, चांगल्या साडीतली बाई बाकावर बसून रडतेय म्हटल्यावर लोक येणारच. सगळ्यांत आधी ती कंडक्टर आली. हातात डबा होता, जेवायला बसायच्या बेतात असावी.

"काय झालं ताई? पाकीट गेलं का?"

"नाही. मले अकोल्याले जायचं होतं."

"मंग माह्या गाडीत काहून बसल्या? बोर्ड नाही पाह्यला?"

आणि त्या क्षणी, महिनाभर नवऱ्याशिवाय कुणालाही न सांगितलेली गोष्ट माझ्या तोंडून निघाली. "मले वाचता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा चष्मा, मनगटावरचं घड्याळ, मांडीवरचा फोन. मी वाट बघत होते हसण्याची. ती शेजारी बसली.

"माह्या सासूलेही येत नाही," ती म्हणाली. "पण थे हुशार हाय. स्टँडवर पाय ठेवला की चार जणायले इचारते. चारी जणायनं एकच सांगतलं, तवाच चढते. तुमी एकालेही नाही इचारलं?"

"लाज वाटली."

"लाजेपायी पन्नास किलोमीटर आल्या!" आता ती हसली, पण अशी की मलाही हसू आलं. तिने डब्याचं झाकण उलटं करून त्यावर अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. "खा आधी. माह्याच गाडीनं परत जायचं हाय, अर्धा तास हाय अजून."

मी खाल्लं. खाताना तिला सगळं सांगितलं, म्वांझा, वडील, आत्या. तिने आत्याचा नंबर घेतला, स्वतःच्या फोनवरून लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, तुमची भाची अचलपूरले आली हाय. हो, अचलपूरले. काही नाही, गाडी चुकली. जेवण केलं तिनं. तुमी जेवून घ्या." वस्तू पोचवल्याचा निरोप द्यावा तसा. परतीच्या वाटेवर तिने मला आपल्या शेजारी बसवलं आणि अमरावतीला उतरताना म्हणाली, "ताई, आता शिकून घ्या. तुमचं काय वय झालं?"

घरी आले तर घरमालकीणबाई ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. त्यांची आणि माझी ओळख तोवर बेताचीच होती. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, हे माहीत होतं. टीव्हीवर क्रिकेट असलं की खालून त्यांचा आवाज यायचा. फलंदाजांना त्या वर्गातल्या पोरांसारखं रागवायच्या. लग्नाची पत्रिका आली की तिच्यातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करून ठेवायच्या, आणि लग्नाला जाऊन त्या खुणा वधूपित्याला दाखवायच्या, असं गल्लीत बोललं जाई.

"लवकर आलीस? आत्या नव्हती का घरी?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून एकदा खरं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"महिनाभर माह्या डोक्यावर राहून राहिली अन् मले सांगतलं नाही?" त्या चिडल्याच. चिडल्या की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची, एरवी त्या पुस्तकी बोलायच्या. "मी छत्तीस वर्षं काय केलं म्हणतेस? पोट्ट्यायले शिकवलं ना! चल."

"कुठं?"

"अंकलिपी घ्यायला."

राजापेठेतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात त्यांनी पहिलीची अंकलिपी, दुरेघी वही आणि शिसपेन्सिल मागितली. दुकानदाराने सहज विचारलं, "किती वर्षांचं लेकरू आहे बाई?"

"पस्तीस वर्षांचं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी जमिनीत गडप व्हायचं तेवढं बाकी होतं. दुकानदार गंभीरपणे म्हणाला, "मग पेन्सिलीला खोडरबर फुकट," आणि एक खोडरबर वर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकरा ते बारा माझी शाळा भरू लागली. बाईंच्या स्वयंपाकघरात, कारण कूलर तिथंच होता. पहिला आठवडा अक्षरांत गेला. त्यांची पद्धत कडक. चुकीचं अक्षर खोडायचं नाही, त्याच्याच खाली दहा वेळा बरोबर काढायचं. भ आणि म यांनी माझा जीव काढला, आणि ध आणि घ यांनी. आठ दिवसांनी त्यांनी मला बाहेर काढलं आणि रस्त्याने चालता चालता पाट्या वाचायला लावल्या. मी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायचे. मो-बा-ई-ल री-पे-रिं-ग. ब्यु-टी पा-र्ल-र. इं-ग्लि-श स्पी-किं-ग.

"बाई," मी म्हटलं, "एवढी लिपी शिकले आणि आत सगळं इंग्रजीच निघालं."

"ते लिहिणाऱ्यांना सांग," बाई म्हणाल्या. "आणि 'रिपेअरिंग' चुकीचं लिहिलंय, ते दिसलं का तुला?"

एकदा चौकात मोठा फलक लागला होता, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. फेटा बांधलेला एक माणूस हात जोडून उभा. मी आत्मविश्वासाने वाचलं, "भाजी नगरसेवक." बाईंना हसू आवरेना. त्या शेजारच्या विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "माजी गं, माजी!" मग थोडं शांत झाल्यावर म्हणाल्या, "राहू दे. मंडईचं काम त्यानंच केलं होतं, भाजी म्हटलं तरी चालेल."

एका दुपारी मी त्यांना विचारलं की तुम्ही माझ्यावर इतका वेळ का घालवता. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "माझी आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून बाबांनी शाळेत घातलं. मी तिसरीत असताना आईला नाव लिहायला शिकवलं, चुलीपुढच्या राखेत. तिला यायला वर्ष लागलं. दिवसभर राबून आल्यावर बोटं वळायची नाहीत. तिच्यापुढे तू काय, तू तर आयती शिकलेली आहेस." त्यांनी वाटाण्याच्या टरफलांचा ढीग एका बाजूला सारला. "चल, जोडाक्षरं काढ."

चार महिन्यांत मला वर्तमानपत्राचे मथळे जमू लागले. बोर्ड वाचता येईल तेव्हाच येईन, असं मी आत्याला कळवलं होतं. पाचव्या महिन्यात मी अकोल्याला गेले, एकटी. बोर्ड वाचला. तरीही चार जणांना विचारलं.

आत्या दारातच उभी होती. ठेंगणी, सावळी, वडिलांचंच नाक. मला बघून ती आधी म्हणाली, "अचलपूरहून आलीस का?" आणि मग मला इतकं घट्ट धरलं की पिशवी खाली पडली. तिने पातोडीचा रस्सा केला होता, बेसनाच्या वड्यांचा, तिखटजाळ. माझी आई तोच करायची, पण तिकडच्या मिरचीला हा वास नव्हता. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून नोकरीवर गेले होते, घरात आम्ही दोघीच. जेवण झाल्यावर तिने पत्र्याची एक पेटी काढली.

"तुह्या बापाची पत्रं. आता तुले येते म्हणतेस वाचता, तं वाच."

साठ-सत्तर तरी असतील, निळे पातळ कागद, घडीवर विरलेले. वडिलांचं अक्षर मी पहिल्यांदा वाचत होते. छापील अक्षरांपेक्षा हाताचं अक्षर कठीण. मी अडखळत होते. 'ती. सौ. ताईस शि. सा. न. इकडे सर्व खुशाल आहे. पाऊस बरा आहे. यंदा कापूस...' मी थांबले. "कापूस उशिरा आला," आत्या म्हणाली. मी कागदाकडे पाहिलं. तेच होतं. पुढच्या पत्रात मी 'घराचे काम' ऐवजी 'धराचे काम' वाचलं, तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. आत्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. शेजारच्या एका गुरुजींनी ही पत्रं तिला वाचून दाखवली होती आणि ती सगळी तिला पाठ होती.

पत्रं वाचता वाचता मला थोडं वाईट वाटू लागलं. सगळी सारखीच. पाऊस, कापूस, खुशाल, मोठ्यांना नमस्कार. म्वांझाचं सरोवर नाही, आई नाही, मी नाही. मी तसं म्हटलं तर आत्या म्हणाली, "गुरुजी ओट्यावर बसून वाचे ना. अर्धी गल्ली आयकाले. त्याले ठाऊक होतं. मनातलं कसं लिहीन तो?"

मग तिने पेटीच्या तळातून एक वेगळं ठेवलेलं पत्र काढलं. हातात देताना तिचा चेहरा बदलला होता.

"हे वाचलं नाही तरी चालते," ती म्हणाली. पण दिलं.

ते आजीच्या मृत्यूनंतरचं पत्र होतं. 'मायची तार मिळाली. मला येता येत नाही. इकडे कामाचा खोळंबा आहे. तू सर्व नीट केले असशील.' एवढंच.

"कामाचा खोळंबा," आत्या म्हणाली. "माय गेली अन् त्याले कामाचा खोळंबा. गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही राह्यली. सात वर्षं मी त्याच्या पत्राले उत्तर नाही धाडलं. मंग धाडलं, पण थे मनातून गेलं नाही."

मी पत्राच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख पुन्हा वाचली. महिना वाचला, वर्ष वाचलं. बोटांवर मोजलं.

त्या वर्षी मी सहा वर्षांची होते आणि त्याच महिन्यात मला मेंदूचा मलेरिया झाला होता. आईने ती गोष्ट मला शंभरदा सांगितली आहे. तीन आठवडे दवाखान्यात, त्यातले नऊ दिवस मी कुणाला ओळखत नव्हते. आई घरी तान्ह्या भावाजवळ आणि वडील माझ्या खाटेजवळ. मला स्वतःला एकच गोष्ट आठवते. शुद्धीवर आले तेव्हा वडिलांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. मी हसले होते आणि त्यांनी वाकून मला टकलावर हात फिरवू दिला होता. नवस बोलले होते म्हणून काढले, असं आईने मला नंतर सांगितलं, आणि मीही इतकी वर्षं तेच धरून चालले होते.

मी आत्याला हे सांगितलं. आत्याने तो कागद माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ धरला, तो तिला वाचता येत नव्हता तरी.

"टक्कल केलं होतं त्यानं?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"दवाखान्यातच केलं असंल," ती म्हणाली. "मायसाठी." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "येडा. लिवायचं ना एक ओळ, पोरगी बिमार हाय म्हणून."

"तुम्ही काळजी कराल म्हणून नसेल लिहिलं. आणि गुरुजी ओट्यावर..."

"हो. आयकाले अर्धी गल्ली." ती उठली आणि तिने चहा ठेवला.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी अकोल्याला जाऊ लागले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आत्याने एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आईला पत्र लिहायचं होतं. मी म्हटलं, फोन लावून देते. "फोनवर मी 'बरी हाय' म्हणून ठेवून देतो, तुले ठाऊक हाय," ती म्हणाली. "लिव. आता घरचंच माणूस लिवून राहिलं, तं सांगता येते."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वहिनीशी आपण रागात कसं वागलो, तिने पाठवलेलं कापड न शिवता कसं ठेवून दिलं, भाऊ गेला तेव्हा फोनवर आपल्याला रडूही कसं आलं नाही आणि आता कसं येतं. मधेच थांबून विचारायची, "लिवलं का जसंच्या तसं?" 'लिवलं' हा शब्द मी तसाच लिहिला. ते पत्र घरी नेऊन बाईंना दाखवायचं नाही, हे मी आपण होऊन ठरवलं. त्यात चुका राहिल्या असतील तर राहू देत.

पत्र टपालाने गेलं. पोचायला दीड महिना लागला. एका रविवारी मी अकोल्यातच होते आणि फोन वाजला. पलीकडे आई. मी फोन आत्याच्या कानाला लावला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मग आत्या म्हणाली, "वयनी, कापड शिवलं बरं का मी." पुढचं मी ऐकलं नाही, बाहेर ओट्यावर येऊन बसले. पाऊण तास त्या बोलत होत्या. मधूनच आतून हसण्याचा आवाज यायचा.

आता मला अमरावतीत चार वर्षं होतील. समोरच्याच एका क्लासमध्ये मी दुपारी मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. चुकल्या तरी त्यांना हसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. बाईंना मी तिकडची मक्याच्या पिठाची उगाली करून घातली होती, तेव्हा त्यांनी ती खाऊन 'मीठ नाही' एवढंच मत दिलं होतं. त्या अजून खाली राहतात, गुडघे दुखतात म्हणतात आणि सामन्याच्या दिवशी ते विसरतात. म्वांझाच्या सरोवराची मला आठवण येते, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, दुपारी दार-खिडक्या लावून कूलरपुढे बसावं लागतं तेव्हा. ती आठवण जाऊ नये असंच वाटतं.

पण इथं माझं बरं चाललं आहे, आणि ते माझ्या एकटीच्या हुशारीने चाललेलं नाही. स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर देणारी ती कंडक्टर मला पुन्हा भेटली नाही. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. अचलपूरच्या गाडीत अजूनही कधी बसले की खाकी गणवेशातल्या बाईकडे नीट बघते. परवा आत्या म्हणाली, "पुढच्या खेपेले येशीन तं ते अंकलिपीचं पुस्तक घेऊन ये."

"कशाला?"

"पाहतो मी, काय हाय त्यात."

ती एकोणऐंशी वर्षांची आहे. मी बाईंना सांगितलं, तर त्या उठून चपला घालायला लागल्या. "जुनं नको नेऊस," त्या म्हणाल्या. "तिला नवीन घेऊ."